वीतभर

रात्री साडेअकरानंतर
गाड्या एकेक करून डेपोत शिरतात,
दिवसभराचं हडपसर, स्वारगेट, कात्रज
चाकांना चिकटवून.
तीन वर्षं माझं काम एकच, गन खोचायची.
केबल म्हणजे ओल्या गोधडीचा पीळ.
एका रात्रीत एकतीस गाड्या,
एकतीस वेळा खट्‌.
उजवा खांदा आता झोपेतून माझ्याआधी उठतो.

मग चौदा नंबरच्या लेनमध्ये जमीन उकरली,
काळी लादी बसवली, चार पाट मांडावेत एवढी.
गाडीनं फक्त वर येऊन थांबायचं.
गन नाही, केबल नाही, खट्‌ नाही.
"खालच्या आणि वरच्या कॉइलमध्ये वीतभर हवा राहते, मावशी,
तेवढ्यातूनच जातं सगळं,"
उपाध्ये म्हणाला. भोसरीच्या कंपनीतला पोरगा,
बुटाची नाडी कायम सुटलेली.
मी वाकून वीत लावून पाहिली.
खरंच, बरोबर माझी वीत.

वीतभर.
माझे वडील सांगायचे,
त्यांच्या लहानपणी, इंदापूरच्या बाजूला,
विहिरीच्या खालच्या अंगाला ओंजळ धरून बसायचं.
कुणी आलं, आणि त्याच्या मनात आलं,
तर वरून ओतणार.
मधल्या हवेतून धार यायची.
भांडं हाताला लागायचं नाही, हात भांड्याला नाही.
अर्धं ओंजळीत, अर्धं कोपरावरून मातीत.

"वाया किती जातं रे?" मी उपाध्येला विचारलं.
"दहा टक्के. उष्णता होते त्याची."
म्हटलं, बरं आहे. यंत्राचा हात चांगला.
मी का हसले ते त्याला कळलं नाही.

धोत्रे ड्रायव्हरला मात्र ते जमेना.
चार बोटं इकडंतिकडं झाली की स्क्रीन लाल.
कॅमेऱ्यावर फुरसुंगीची धूळ,
धोत्रेच्या तोंडात शिव्या,
आणि मी मागं उभी:
येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, अजून, बस!
बस म्हटलं की बस थांबते,
ही आमची जुनीच टेक्नॉलॉजी.
तिसऱ्या रात्री पत्र्याखालच्या अँगलला सुतळी बांधली,
टोकाला सोळाचा नट.
नट काचेला टेकला, टिक्‌, की ब्रेक.
स्क्रीन हिरवी.
न शिवता भरायच्या गाडीला
शिवून सांगणारं काहीतरी लागलंच.
उपाध्येनं फोटो काढला.
रिपोर्टात नट आला नाही,
'अलाइनमेंटमध्ये सुधारणा' आली.

आता माझं काम लादी झाडायचं.
एखादं नाणं, चंदेरी पुडी,
कुणाच्या तरी केसातली पिन,
मध्ये काही आलं की लादी अडून बसते.
लंगडं मांजर तर रोजच येतं, उबेला.
ते पसरलं की सगळी वीज थांबते,
धोत्रे कपाळाला हात लावतो.
"जिवंत काहीही आलं तरी थांबते," उपाध्ये म्हणाला,
"माणूससुद्धा. तसं लिहिलंयच तिच्यात."
तसं लिहिलंय. मी दोनदा विचारून घेतलं.

परवा त्याला वडापावाचा ठसका लागला,
मी माझी बाटली पुढं केली.
तो वरून प्याला.
वरूनच पितात सगळे. मीही वरूनच पिते.
थोडं त्याच्या कॉलरवर सांडलं,
आम्ही दोघंही हसलो,
पण धार पडत होती तोवर
मी तिच्याकडंच बघत होते.

पहाटे पाचला धोत्रेची गाडी निघून जाते.
लेन रिकामी. नट अजून थोडा झुलत असतो.
भिंतीवर पाटी आहे: लादीला हात लावू नये.
मी हातमोजा काढते,
पंजा ठेवते, पूर्ण, मनगटापर्यंत.
कोमट लागते.
ते दहा टक्के असणार.